अर्ध्या कृतीचा पिझ्झा

शकूताईंकडे गप्पा मारायला गेलं की त्या आधी मनगट उलटं करून घड्याळ बघत. मग म्हणत, "हं, बोल." आणि आपल्या नणंदेच्या लग्नाची हकीकत ऐन रंगात आली, की शांतपणे विचारत, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?" हो म्हटलं तर आणखी तीन मिनिटं मिळत. सहानंतर मात्र ब्रह्मदेव आला तरी त्या उठून तांदूळ निवडायला घेत. पहिल्यांदा माझ्यावर ही पाळी आली तेव्हा मी तणतणत घरी आले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, "त्या बाईच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही." दुसऱ्याच दिवशी त्या वाटीभर खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या, बरोब्बर तीन मिनिटं बसल्या आणि गेल्या.

पनवेलला आम्ही राहायला आलो तेव्हा त्या आमच्या समोरच्या बिऱ्हाडात होत्या. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटरचं काम केलं होतं. तेव्हा परगावी फोन करायचा म्हणजे आधी नोंदवायचा, तासन्‌तास वाट बघायची आणि लागला की तीन मिनिटांत आटपायचं. फार झालं तर सहा. पुढे नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ आले, ट्रंकचं काम ओसरलं आणि शकूताई निवृत्त झाल्या. लग्न केलेलं नव्हतं. घरात त्या एकट्या आणि एक काळा फोन. तो वाजलेला मी तरी कधी ऐकला नाही.

त्यांना नाद एकच. दर शनिवारी पिझ्झा करायचा. आता आमच्या बिल्डिंगमध्ये पिझ्झा कोणी खाल्लेला नव्हता. मी मासिकात फोटो पाहिला होता, तेवढाच माझा अनुभव. पहिल्या शनिवारी शकूताईंची बशी आली, त्यातला पिझ्झा तळलेला. आमचे हे म्हणाले, "भटुरे छान झालेत हो." बाईंचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या शनिवारी त्यांनी तो मोदकपात्रात उकडला आणि वर टोमॅटोचा रस आणि चीज पसरलं. त्याच्या चवीबद्दल मला काही विचारू नका. मी शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवते, पण त्या दिवशी साफ खोटं बोलले.

सोबतच्या सॅलडबद्दल मात्र त्यांची पहिल्यापासून खात्री. काकडी, टोमॅटो, हातानं फाडलेली कोबीची पानं, वर लिंबू आणि मीठ. झालं. बाजारात आपट्याहून येणारी भाजीवाली काकडीऐवजी भलंमोठं, जाड सालीचं तवसं पुढे करी. "ह्ये घ्या बाय, गोड हाय." शकूताई म्हणत, "तवसं नको, काकडीच सांगितली आहे." मी एकदा सुचवून पाहिलं.

"शकूताई, जरा दाण्याचं कूट घाला, वरून हिंग-मोहरीची फोडणी द्या. तोंडाला चव तरी येईल."

"कूट नाही, फोडणी नाही. तसं सांगितलेलं आहे."

"अहो पण सांगितलंय कोणी?"

त्यांनी घड्याळ बघितलं आणि तांदळाचं ताट पुढे ओढलं.

शेवटी मी चिडले. मासिकातली पिझ्झ्याची अख्खी कृती कापून त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. "ही नको. मला माझी अर्धी कृती पुरी करायची आहे," म्हणाल्या आणि डब्यातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. कॉल नोंदवायची छापील चिठ्ठी होती ती. मागच्या बाजूला पेन्सिलीनं आधी सॅलड, मग मैदा, यीस्ट, साखर, कोमट पाणी, आणि शेवटी लिहिलेलं, 'झाकून ठेव. दुप्पट फुगलं की'. पुढे कोरं.

"चार-सहा-दोन," शकूताई म्हणाल्या. "तळ्यामागच्या लिमयेबाईंचा नंबर. मुलगी बंगलोरला हॉटेलचं शिकायला होती. दर रविवारी बाई कॉल लावायच्या. त्या दिवशी मुलगी आईला पिझ्झा सांगत होती. मी ऐकत नव्हते हं. लाइन चालू आहे ना, एवढंच बघायचं असतं."

"आणि लिहून घेत होतात ते?"

"हात मोकळे होते," त्या म्हणाल्या. "सहा मिनिटं झाली. पोरगी म्हणाली, ऑपरेटर, प्लीज, एकच मिनिट. मागे कॉलची रांग होती. मी लाइन काढली. नियमच होता तो. पण त्यानंतर चार-सहा-दोनचा कॉल कधी आलाच नाही गं. आठ वर्षं झाली. माझ्यामुळे मायलेकींचं काही बिनसलं असेल तर?"

"मग जाऊन विचारा की. तळं काय काशीला आहे?"

"रिकाम्या हातानं जाऊ? अर्धं बोलणं तोडलंय मी त्यांचं. आधी पिझ्झा पुरा होऊ दे. मग जाईन आणि माफी मागेन."

त्या दिवसापासून तो पिझ्झा माझाही झाला. माझ्या लग्नात आलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन माळ्यावर धूळ खात होता, तो मी त्यांना नेऊन दिला. यीस्ट त्या बाजारातल्या बेकरीतून आणायच्या. तिथल्या चाचांनाच एकदा त्यांनी धीर करून पुढचं विचारलं. ते म्हणाले, "बाई, फूल गया तो दबाओ, फिर रखो. दुसरी बार फूलने दो. जल्दी काहे की?" तरी दीड महिना पिझ्झा खालून कच्चा राहत होता. मग एका शनिवारी कडा तांबूस झाल्या, चीज बुडबुडलं आणि खालून बोट वाजवलं तर टकटक आवाज आला. मी दोन तुकडे खाल्ले आणि ह्यांच्यासाठी ठेवायचा तिसराही खाल्ला.

"शकूताई, झाला," मी म्हटलं. "उद्या एक आणखी करा. रविवार आहे."

रविवारी त्या ऑफिसला नेसायच्या ती खळीची सुती साडी नेसल्या. डब्यात पिझ्झा, दुसऱ्या डब्यात सॅलड, लिंबू वेगळं. लिमयेबाईंच्या दाराशी येईपर्यंत ठीक होतं, तिथे मात्र त्या माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. बेल मी वाजवली. दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी. शकूताईंनी पाठ केलेलं सुरू केलं.

"नमस्कार. मी एक्स्चेंजमध्ये होते, ट्रंकवर..."

"थांबा," लिमयेबाई म्हणाल्या. त्यांनी दाराची कडी धरून ठेवली होती. "अगंबाई, तुमचा आवाज. तुम्हीच ना त्या?"

आत बसल्यावर शकूताईंनी एका दमात सगळं सांगितलं. सहा मिनिटं, रांग, नियम, पोरीचं प्लीज. लिमयेबाई हसायलाच लागल्या. "अहो, भांडण कसलं? तिची परीक्षा झाली, ती घरी आली. मुंबईला हॉटेलात नोकरी लागली, इथूनच जाते-येते. आजही कामावरच आहे. कॉल करू कोणाला?"

"मग पुढे काय होतं? दुप्पट फुगल्यावर?"

"आता कोणाला आठवतंय? घरी आल्यावर तिनं एकदासुद्धा केला नाही. पिठलं-भात मागते."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आठ वर्षं बाई झुरल्या, आणि इथे पिठलं-भात. पण लिमयेबाईंचं हसू एकदम थांबलं होतं.

"तुम्हाला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "आमचे हे गेले ते वर्ष होतं. पोरगी लांब. दिवसच्या दिवस माझ्याशी कोणी बोलायचं नाही. रविवारी लाइन लागेना की मी रडकुंडीला यायचे. तेव्हा तुम्ही म्हणायचात, धरा हं, लागतोय, मी आहे. पोरीच्या आधी तुमचा आवाज यायचा. कॉल बंद झाले आणि मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. पण ऑपरेटरला भेटायला कोण जातं?"

शकूताई मान खाली घालून साडीची निरी नीट करत राहिल्या. लिमयेबाईंनी पिझ्झ्याचा मोठा तुकडा मोडला, बशीत घालून त्यांच्या हातात दिला, आणि स्वतःला वाढून घेता घेता विचारलं, "इतक्या वर्षांची ओळख आपली, पण नाव काय हो तुमचं?"

एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलेल्या बाईनं नाव सांगायचं नसतं आणि तिला ते विचारतही नाही कोणी, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी एवढंच पाहिलं, की शकूताईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"शकुंतला," त्या म्हणाल्या. आडनाव सांगायच्या आधीच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ते मी सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही रडू आलं.