एक्केचाळिसावी चूक

आमच्या कारखान्यात संगणकाला गाऱ्हाणं घालत. गावदेवाला घालतात तसंच. महादेव गुरव, म्हणजे आमचे गुरवभाऊ, चपला खोलीबाहेर काढून हात जोडत आणि म्हणत, "बा देवा म्हाराजा, काय चूकभूल झाली आसंल ती पदरात घे, आन् ह्यो प्रोग्राम सुखरूप पार पाड." यावर कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणावं लागे. मी शेजारीच डिस्पॅचला होतो, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. नेमणूकपत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

कारखाना रत्नागिरीतला, आंब्याचा रस डबाबंद करणारा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भाऊ मंडणगडाकडचे. मुंबईत प्रोग्रामिंग शिकून परत आले आणि चार वर्षं खपून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. कुठल्या डब्यात कुठल्या बागेचा आंबा गेला, हे तो सांगे. डबा फुगला की बागायतदाराचं नाव बाहेर पडे. त्यामुळे बडे बडे बागायतदार भाऊंना आधी नमस्कार करत.

चुकांच्या बाबतीत भाऊंचं एक तत्त्व होतं. मशीन चुकांची कितीही लांब यादी छापो, ते फक्त पहिली वाचत. "पयली चूक खरी. बाकीच्या तिच्या सोयऱ्या. तिला घालवली का त्या आपसूक उठतात." हे ते संसारालाही लावत. स्वतः अविवाहित असल्याने पडताळा मात्र घेता आला नव्हता.

त्या चैत्रात मालकांचा भाचा मुंबईहून नवा कंपायलर घेऊन आला. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा बांधून देणारं ते साधन. भाच्याने कोणाला न विचारता जुनं पुसलं आणि नवं घातलं. त्याच आठवड्यात नव्या मापाचे डबे आले, म्हणून प्रोग्राममध्ये बदल करून तो पुन्हा बांधणं भाग होतं. भाऊंनी बांधायला घातला. एक्केचाळीस चुका निघाल्या.

जुन्या कंपायलरची फ्लॉपी कपाटात होती, पण पावसाळ्यात तिला बुरशी लागली होती, पापडाला लागते तशी. भाऊंनी ती उन्हात ठेवून पाहिली. ती वाकली.

मालक म्हणाले, "सोमवारी आंब्याचा पहिला ट्रक येतोय. तोवर झालं तर ठीक. नाहीतर भाचा म्हणतो तो तयार प्रोग्राम घेऊ. तुम्ही गोदाम बघा."

भाऊ "बरं" म्हणाले आणि दोन दिवस चुकांची यादी घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना दुखणं सापडलं. प्रोग्रामात लिहून ठेवलेलं, पण कुठेच न वापरलेलं जे जे होतं, ते नव्याला खपत नव्हतं. "जुन्याला आमचा पसारा चालायचा," ते मला म्हणाले. "ही नवी सून. पयल्याच दिशी माळा आवराय निघाली."

शनिवार दुपारपर्यंत चाळीस चुका गेल्या. उरली एक. बारा ओळींचा एक तुकडा, ज्याला प्रोग्राममधून कोणीच बोलावत नव्हतं.

"पुसा की भाऊ. दोन मिनिटांचं काम."

"बघू," म्हणाले आणि चहाला गेले.

रविवारी मुद्दाम आलो, तर भाऊ त्याच बारा ओळींसमोर बसलेले. मी मुळात तापट माणूस. उद्या ट्रक, उद्या गोदाम, आणि हे बघत बसलेत. मी सरळ कीबोर्डकडे हात नेला. भाऊंनी माझं मनगट धरलं.

"जोश्या, नको. त्या आक्काच्या हायेत."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. ती रोज कारखान्यात जेवणाचा डबा आणून देई आणि तो बऱ्याचदा तसाच घरी जाई. एकदा ती वैतागून खोलीत आली आणि म्हणाली, "येवढा हुशार हाय ना तुजा मशीन? मग येक वाजला का माज्या भावाला जेवणाचं इचार म्हणावं त्येला." तिला गप्प करायला भाऊंनी त्या बारा ओळी लिहिल्या. श्रावणात आक्का गेली. मशीन विचारत राहिलं. भाऊंनी चार दिवस सोसलं आणि त्या ओळींना बोलावणं बंद केलं.

"पुसवत न्हाय, आन् बघवत न्हाय," ते म्हणाले.

मला माझी लाज वाटली. म्हटलं, "भाऊ, हा कंपायलर नुसता पुसा म्हणत नाहीये. वापरा नाहीतर पुसा, एवढंच म्हणतोय."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. एक ओळ लिहिली. बांधायला घातलं. चूक एकही नाही.

सोमवारी ट्रक आला. बागांची यादी छापून निघायला लागली, मालक समाधानाने बघत उभे राहिले, मागे बागायतदारांची रांग. एक वाजला आणि छपाई मध्येच थांबली. पडदा कोरा झाला. त्यावर इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द उमटले, 'जेवलास का'.

"हे काय नवीन?" मालकांनी विचारलं.

भाऊंनी टेबलाखालून डबा काढला, आता स्वतःच भरून आणत तो. भाकरीचा तुकडा मोडला.

"जेवतोय गो," ते पडद्याला म्हणाले.

मालकांनी खुर्ची ओढून घेतली. डबा संपेपर्यंत रांग थांबली.