गिळलेला ‘स’

माणसाची ओळख नावाने पटते. तेव्हा ज्याला स्वतःचे नावही धड उच्चारता येत नाही, त्याने ओळख मिळण्याची अपेक्षा धरू नये, हे कुठल्याही प्रगत समाजाला मान्य व्हावे. डोमिनिकन किनाऱ्यावरच्या आमच्या पाल्मा सेका गावाला ते मान्य करायला एक यंत्र यावे लागले.

सरकारी दवाखान्याच्या खिडकीत पूर्वी मिल्केया बसायची. ती रुग्णाला नाव न विचारता “सून नांदते का नीट?” असे विचारी. ही पद्धत अशास्त्रीय होती. तिच्या जागी बोलके यंत्र बसले. पुढेमागे ते नुसत्या खोकल्यावरून रोग ओळखणार, असे माहितीपत्रकात होते. तूर्त ते खोकल्यालाच नाव समजते. (पहिल्या महिन्यात ‘ख्हं’ नावाचे सतरा रुग्ण नोंदले गेले.)

दोष यंत्राचा नव्हता. ते माद्रिदच्या स्वच्छ स्पॅनिश उच्चारांवर शिकलेले, आणि आम्ही ‘स’ गिळणारी माणसे. तळलेल्या केळ्यांचे ‘तोस्तोनेस’ आमच्याकडे ‘तोतोने’ होतात. चवीत फरक पडत नाही. पण त्या महिन्यात ४१२ जणांनी नाव सांगितले, त्यांतले नऊच अस्तित्वात निघाले. (सात कोलंबियाचे पर्यटक.)

कासिल्दा मावशी बातिस्ता, वय एकाहत्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मीठ कुठले, साखर कुठली, हे ती चाखून ठरवते. शस्त्रक्रियेचा डॉक्टर राजधानीहून चार महिन्यांतून एकदाच येतो. मावशीने यंत्राला ‘बातिता’ असे सांगितले. अशी कोणी नाही, असे उत्तर आले. शुद्ध बोलायचे म्हणजे ‘स’ घालायचा, हे आम्हाला शाळेपासून ठाऊक. कुठे घालायचा, ते नाही. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, “कासिल्दास बातिस्तास.” आमच्या भाषेत शेवटी ‘स’ लागला की अनेकवचन होते. यंत्राने अदबीने विचारले, “आपण सर्वजणी हजर आहात का?”

“नाही गं बाई, सून कामावर गेलीय.”

अर्ज अपूर्ण ठरला.

मग दवाखान्याने ‘यंत्र-संवाद सहायक’ असे पद निर्माण करून त्यावर मिल्केयाला नेमले. लोकांची नावे ती यंत्राला समजतील अशी सांगू लागली आणि यंत्राची अचूकता शंभर टक्क्यांवर गेली. मावशीला तारीख मिळाली.

त्या दिवशी मिल्केया प्रशिक्षणाला गेली होती (विषय: मानवी चुका टाळणे). बाकावर मावशीशेजारी मी होतो. यंत्राने स्वच्छ हाक मारली, “बातिस्ता.” एकाहत्तर वर्षांत ‘स’सकट त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. यंत्राने पुन्हा पुकारले. मग तिसऱ्यांदा.

“ही बातिस्ता कोण रे?” मावशी मला म्हणाली. “बहिरी दिसते मेली.”

मीही हसलो. नोंद झाली: रुग्ण गैरहजर. डॉक्टरची गाडी निघून गेल्यावर आमच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला फार लाज वाटली. पुढची तारीख चार महिन्यांनी आहे.

वाचकहो, तुम्हीही हसला असाल तर हरकत नाही. तुम्ही आमच्याहून पुढारलेले. ‘पानी’ म्हणणाऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायला तुम्हाला कधी यंत्र लागले नाही.