व्यंकटमामांनी फोनात माणसं भरली

आमचे व्यंकटमामा माणसाला आडनावाने लिहीत नसत, जेवणाने लिहीत. ‘निलंग्याचा संतोष, कांदा नको.’ ‘चाकूरची मीरा, वांगं नको.’ लातुरात क्लासला आलेल्या पोरांसाठी त्यांची मेस होती आणि मी तिथे स्वयंपाकाला होते. मी फार बोलत नाही. मामा दोघांच्या वाट्याचं बोलायचे, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

मामा भूकंपातल्या गावचे. घर गेलं, बायको गेली, लहान मुलगी गेली. ते स्वतः कधी सांगत नसत, त्यांच्या गावाकडच्या एका बाईकडून मला कळलं. त्यांची एक खोड मात्र सगळी मेस ओळखून होती. शेवटचं पोर येऊन बसेपर्यंत भाजीवरचं झाकण काढू द्यायचे नाहीत. “समदे आले का?” कुणाचा क्लास लांबला की बाकीची ताटं वाजवत बसायची.

ही सगळी नावं, जुन्या पोरांचीसुद्धा, नंबरासकट कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये होती. शेजारच्या दुकानातल्या शेखभाईंनी मामांना ते शिकवलं होतं. पुढे कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. शेखभाई म्हणाले, “मामा, ये अब जाता. नावं फोनात घ्या, नाहीतर समदी जातील.”

मामांनी काचेचा फोन घेतला. मला वाटलं, एका दिवसाचं काम. उन्हाळा गेला.

एक्सेलमधली नावं फोनाला कळतील अशी करून देणारं सॉफ्टवेअर लागतं म्हणे. मामा ते लग्नाचं लुगडं निवडावं तसं निवडू लागले. पहिल्याने दहाच नावं दिली, बाकीच्यांसाठी पैसे भरा म्हणालं. “दहा पोरांला वाढू आन् बाकीच्यांला भायेर उभं करू?” दुसऱ्याने मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन काढले. तिसऱ्याने नाव आणि आडनाव वेगळं करून दिलं, त्यात मीराचं आडनाव ‘नको’ झालं, संतोषचंही ‘नको’. लातुरात ‘नको’ आडनावाचं केवढं मोठं खानदान निघालं! मी पदर तोंडाला लावून हसले. पुढचं म्हणालं, यादी इंटरनेटवर चढवा. मामांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “पोरींचे नंबर परक्याच्या घरात नेऊन ठिवू? न्हाई जमायचं.”

शेवटी शेखभाईंनी एक सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर बसवलं, यादी बाहेर कुठे जाणार नव्हती. ते नीट चाललं. फक्त मधेच थांबून काहीतरी विचारू लागलं.

“मामा, एकच नंबर पाच-पाच नावांला हाय. डुप्लिकेट हायत. काढून टाकतो.”

“हात लावू नका! त्यांच्या गावात एकच फोन व्हता, किराणा दुकानात. पोरं पाच व्हती. माणसं डुप्लिकेट असतात व्हय?”

“मशीन को क्या मालूम, मामा!”

“मग तुमी सांगा त्याला!”

शेखभाईंनी कपाळाला हात लावला आणि डुप्लिकेट काढायची खूण पुसली. सगळी नावं फोनात आली.

पण फोन वाजेना. यादीतली जुनी पोरं कधीच डॉक्टर, इंजिनिअर होऊन लांब गेलेली. मामा फोन समोर ठेवून बघत बसायचे. मग स्वतःच लावू लागले. “नंबर बरोबर आला का, बघून राहिलो,” म्हणायचे. बरोबर आहे असं कळलं तरी ठेवायचे नाहीत. जेवलास का, विचारायचे. कुणी घाईत असलं, तर “हाव, हाव, कामात असशील,” म्हणायचे आणि पुढचा लावायचे. काही नंबर दुसऱ्याच कुणाला लागले. मामा त्यांच्याशीही दोन शब्द बोलले.

असे सगळे लावून झाले. एका दुपारी पोरं जेवून गेली होती, मी भांडी आवरत होते. फळीवरचा माझा बटणाचा फोन वाजला. मला फोन करणारं असं कुणी नव्हतं. मी दचकले, हात पुसून उचलला.

“सुमनबाई, नंबर बरोबर लागला का?”

“लागला.”

त्यांचा आवाज फोनातून येत होता आणि भिंतीपलीकडच्या खोलीतूनही. फोन त्यांनी ठेवला नाही. मीही नाही.

“जेवलात का, बाई?”

इतकी वर्षं मी त्या मेसचा स्वयंपाक केला. हे मला कुणी विचारलं नव्हतं.

“अजून न्हाई,” मी म्हणाले.

“मी बी न्हाई.”

फोन कानाशी तसाच धरून मी दुसऱ्या हाताने दोन ताटं काढली.