पाइपाला पाणी पाजणारे तात्या

सदाशिवतात्या कुणाच्याही बाजेवर थेट बसत नसत. आधी तिच्यावर सिमेंटची दोन पोती ठेवायला लावत, वाकून खालून सुंभ बघत, पायांशी कान लावत आणि मग पोती उतरवून स्वतः बसत. तात्यांचं वजन एका पोत्याइतकंसुद्धा नव्हतं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. दुसऱ्या पोत्याला बाज मोडली. वडिलांनी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "बघा, मी पडलो असतो."

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. आमचं गाव खर्ड्याजवळ. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पण त्या वर्षी घरून नगरला काही येईना, तेव्हा पहिलं वर्ष अर्धवट टाकून मी परत आलो आणि दुष्काळी कामावर हजेरी कारकून झालो. चार मैलांवरच्या नदीकाठी नवी विहीर झाली होती. तिथून गावापर्यंत पाइपलाइन टाकायची होती. चर खणायला आमचीच माणसं होती, माझी आईसुद्धा. पाइप जोडायला तात्या होते. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात वीस वर्षं वाफेच्या पाइपांवर काम करून ते आले होते. त्यांच्याबद्दल लिहिणं मला कितपत जमेल, माहीत नाही.

"भागिले चार," हा त्यांचा मंत्र. "पाइप बारा किलो दाबाला फुटतो ना? मग त्याच्याकडनं तीनच मागायचे. उरलेले नऊ त्याचे. त्याला बी कधी आजारपन असतंय."

मी भीत भीत म्हणालो, "आमच्या पुस्तकात याला सुरक्षा गुणक म्हणतात."

"किती धरलाय पुस्तकात?"

"कुठं तीन, कुठं चार, कुठं पाचसुद्धा."

"मग पुस्तक शहाणं हाय."

कामावरचे इंजिनिअर साहेब म्हणाले, विहिरीवरचं पंपाचं इंजिन आठवड्यात येईल. साहेबांची जीप वळायच्या आत तात्यांनी मला सांगितलं, "लिहून ठेव, महिना." महिन्यानंतरही इंजिन आलं नव्हतं. बायकांच्या डोक्यावरच्या मातीच्या पाट्या ते अर्ध्याच भरू देत. "पाइपाचा ताण काट्यावर दिसतो. मानेला काटा कुठं हाय?" असं म्हणत. बायका वैतागायच्या. "मिस्त्री, अर्ध्या पाटीनं हा चर कवा व्हायचा? आमी मेल्यावर?" आमच्या शेजारच्या कोंडाआजीची जीभ तर सगळ्यांत तिखट. एकदा सुकडी वाटताना तिनं विचारलं, "मिस्त्री, बायकोला बी चारानंच भागलं काय?"

"भागायला हुती कुठं?" तात्या म्हणाले.

सगळे हसले. तात्याही थोडे हसले आणि आपली सुकडी घेऊन पाइपांच्या ढिगाआड जाऊन बसले. ते जेवायला नेहमी तिथंच बसत.

खरा प्रश्न आला तो चाचणीचा. गावाजवळ लाइन ओढ्यातून जात होती. सगळ्यांत खोल जागा तीच, म्हणजे पाण्याचा दाब तिथंच जास्त. तो तुकडा पाण्यानं भरून, चालताना असतो त्याच्या दुप्पट दाब, म्हणजे सहा, हातपंपानं द्यायचा, तो टिकला तरच वर माती लोटायची, असा तात्यांचा हिशोब. पण पाणी कुठून आणणार? गावात तीन दिवसांआड एक टँकर येत होता. त्याच्यासाठी पहाटेपासून हंड्यांची रांग लागायची. तात्यांनी तोच टँकर मागितला.

"माणसं तहानलीत आन् तुमी पाइपाला पाजताय?" सरपंच ओरडले.

साहेबांचा कागद होता, म्हणून टँकर पाइपात ओतला. मी चरापासून लांब, हातपंपावरच्या दाबाच्या काट्यापाशी वही घेऊन उभा होतो. तीन झाले, चार झाले. पाचाला ओढ्यातला सिमेंटचा पाइप उभा तडकला. पाणी वाळूत शिरलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. बायका धावल्या. ओल्या वाळूवर लुगड्याचे पदर दाबून त्या तांब्यात पिळू लागल्या. त्यांच्यात माझी आई होती. मी वहीत 'पाच' लिहिलं. त्या क्षणी मला तात्यांचा भयंकर राग आला होता.

गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी ओढ्यात बिडाचे पाइप बसवले, सांध्यांत स्वतः शिसं ओतलं आणि पुन्हा टँकर मागितला. आता साहेबच म्हणाले, "राहू द्या हो, माती लोटा." माणसं फावडी घेऊन आली. तात्या चरात उतरून बसले.

"पानी सुरू झाल्यावर फुटला तर कोन येनार हाय इथं? मी कुठल्या गावाला असेन, कुनाला ठाव! फुटायचा तर आज फुटू द्या. आज मी हाय. आन् टिकला तर खालचा व्हॉल्व उघडतो, सगळं पानी तुमच्याच हंड्यांत."

कोंडाआजी चराच्या काठाशी आली. तिच्या नातवाला चार दिवस जुलाब होत होते, आणि घरात गडूभर पाणी उरलं होतं.

"मिस्त्री, ह्या टायमाला फुटंल का?"

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. ते काय भागणार, काय गुणणार, याची मी वाट बघत होतो.

"न्हाई फुटनार," ते म्हणाले.

आजी मागं वळली. "द्या गं त्याला टँकर."

चाचणीच्या वेळी पाइपापासून पन्नास फुटांच्या आत कुणी थांबायचं नाही, हा तात्यांचा सक्त नियम होता. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वर पाठवलं आणि स्वतः चरात बसून दोन्ही तळवे शिशाच्या सांध्यावर ठेवले. "तात्या, वर या!" मी ओरडलो. त्यांनी मान वर केली नाही. चार. पाच. पंप मारणाऱ्यांचा श्वास ऐकू येत होता. सहा. काटा थरथरला आणि थांबला. अर्धा तास मी पापणी न हलवता त्याच्याकडं बघत होतो.

"धरलं, तात्या!"

"अजून धा मिंटं जाऊ दे," चरातून आवाज आला.

मग त्यांनी व्हॉल्व उघडला. बायकांची झुंबड उडाली. तात्या चिखलानं भरलेल्या धोतरानं कोंडाआजीपाशी जाऊन उभे राहिले.

"आजी, मी खोटं बोललो. टिकंल का न्हाई, मला ठाव न्हवतं."

"तुला ठाव न्हाई, हे मला ठाव हुतं," धारेवरची नजर न काढता आजी म्हणाली. "हंडा उचलू लाग."

तात्यांनी वाकून हंड्याला हात घातला. हात इतके कापत होते की पाणी सांडायला लागलं. मग आजीनं त्यांच्या हातांखाली आपले हात धरले, आणि दोघांनी मिळून तो हंडा तिच्या डोक्यावर चढवला.