शिफारस क्रमांक सतरा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, पोलीस मुख्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, नागरिक देखरेख समितीच्या खोलीच्या दाराची मूठ दंतवैद्याच्या हातात आली. दार जागचं हललं नाही. आत समितीचे तिन्ही सदस्य होते: अध्यक्षा, म्हणजे सगळं मुख्यालय ज्यांना बाई म्हणे त्या निवृत्त मुख्याध्यापिका, दंतवैद्य, आणि एक सुतार.

"तुम्ही हात लावाल ते उपटूनच येतं," सुतार म्हणाला. त्याच्या दृष्टीने काम दोन मिनिटांचं होतं, पण त्याची हत्यारं खाली फाटकावर जमा होती. इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाची हत्यारं जमा करून घ्यावीत, ही समितीचीच चौथी शिफारस.

बाईंनी दार वाजवलं. बाहेर समितीच्या दिमतीला नेमलेले फौजदार बसले होते.

"किल्ली माझ्या खिशातच आहे, बाई," ते म्हणाले. "पण उघडता येणार नाही."

सतरावी शिफारस त्यांना तोंडपाठ होती. मुख्यालयातलं कोणतंही बंद दार पोलिसांनी परस्पर उघडू नये. समितीच्या एका सदस्याने दाराबाहेर उभं राहून नोंदवहीत सही केल्यावरच उघडावं. मागे एकदा समिती पोहोचण्याआधी एक कोठडी घाईघाईने धुऊन काढली होती, त्यावरचा हा उपाय. पोलिसांनी तेव्हा 'दाराजवळ' एवढंच लिहा म्हणून विनवलं होतं. बाई तीन बैठका 'दाराबाहेर'वर अडून बसल्या आणि जिंकल्या.

"अहो, मी अध्यक्षा सांगतेय ना."

"मार्चमध्ये फाइलींचं कपाट उघडलं तेव्हा लेखी ताकीदही अध्यक्षांनीच दिली होती. दुसरी मिळाली की माझी बढती गेली."

शिफारसच मागे घेऊ, असं दंतवैद्याने सुचवलं. त्याला सात दिवसांची जाहीर नोटीस लागत होती. ते कलमही बाईंचंच.

बाईंची घाई वेगळीच होती. पाच वाजता थोरली बहीण बसने यायची होती, सहा वर्षांनी. मागच्या खेपेला बाई शाळेच्या बैठकीत अडकल्या. बहीण दोन तास स्टँडवर बॅगेवर बसून राहिली, आल्या वाटेने परत गेली आणि तिने बोलणं टाकलं. या वेळी तिने कार्ड पाठवून कळवलं होतं की परतीचं तिकीट काढूनच येतेय, स्टँडवर दिसली नाहीस तर सातच्या बसने जाईन आणि पुन्हा यायची नाही.

पाच वाजून बारा मिनिटांनी बाहेरच्या टोपलीत बाईंचा फोन वाजू लागला. बैठकीत फोन बाहेर ठेवायचे आणि पोलिसांनी लेखी परवानगीशिवाय नागरिकाच्या फोनला हात लावायचा नाही, असं होतं. बाईंनी चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली. फौजदारांनी ती दोनदा वाचली, तिच्यावर वेळ टाकली आणि तिसऱ्यांदा वाजलेला फोन उचलला.

"मुख्यालयातून फौजदार बोलतोय. बाई ठीक आहेत. फक्त त्यांना सोडता येत नाही. नियमात बसत नाही."

बाईंनी आतून दाराला कपाळ टेकलं.

दंतवैद्याला अखेर एक वाट सापडली. समिती बहुमताने कोणाही नागरिकाला पर्यायी सदस्य नेमू शकत होती. अट एकच, तो पोलीस नसावा. त्या क्षणी इमारतीत पोलीस नसलेले तिघेच होते, आणि तिघेही त्या खोलीत.

पाच चाळीसला चौथी व्यक्ती बॅग घेऊन जिना चढून आली.

"चिमणे, काय केलंस?"

फौजदारांनी नजर बुटांवर नेली.

"काही नाही गं ताई. दार अडकलंय."

"मग हा माणूस किल्ली घेऊन नुसता काय बसलाय?"

फौजदारांनी सगळं क्रमवार सांगितलं. दंतवैद्याने ताईंचं नाव सुचवलं, सुताराने अनुमोदन दिलं. बाईंनी विरोधात मत दिलं. त्या ताईला ओळखून होत्या. ठराव दोन विरुद्ध एक असा मंजूर होऊन नेमणूकपत्र दाराखालून बाहेर आलं. फौजदारांनी नोंदवही उघडून पेन पुढे केलं.

"न वाचता मी सही करत नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली होती.

फौजदारांनी एकेचाळीस शिफारशींचं पुस्तक आणून दिलं. ताईंनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, पर्समधून लाल पेन काढलं.

"हे लिहिलंय कोणी?"

"मी," दारामागून उत्तर आलं.

"दिसतंच आहे." पानं उलटत राहिली. "आणि सतरामध्ये 'दाराबाहेर' कशाला? 'दाराजवळ' पुरे होतं की."

फौजदारांनी ताईंसाठी चहा मागवला.

सहा पंचविसापर्यंत हाती आलेल्या माहितीनुसार ताई तेविसाव्या शिफारशीवर आहेत. बसस्टँड चालत वीस मिनिटांवर आहे. आतून दर दोन मिनिटांनी "ताई, किती वाजले?" असं विचारलं जातं आणि बाहेरून "वाचतेय ना" असं उत्तर मिळतं. चहा घेताना पान चुकू नये म्हणून ताईंनी पुस्तकात खूण घालून ठेवली आहे. ती खूण म्हणजे सातच्या बसचं तिकीट आहे. फौजदारांनी ते पाहिलं आहे. बाईंना अद्याप कळवलेलं नाही.