साहेब, चहा गार झालाय!

अरे, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक! हसायचं ते शेवटी हस. खरं तर शेवटी हसूच नकोस, एका बिचाऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे!

आपला क्लेम बॅगशॉ आठवतो ना? तोच रे, जिराफासारखी मान, आणि कान असे की वारा सुटला की टोपीऐवजी डोकंच धरून चालतो. मिसेस क्लटरबकच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहतो. तर ह्या क्लेमला रेडिओवर काम लागलं! रविवारी संध्याकाळी तो कार्यक्रम असतो बघ, ‘लॉर्ड पॉटल घरी आहेत’, सगळी बिलायत जेवणाची भांडी तशीच टाकून ऐकते, त्यात. काम म्हणजे बटलरचं. वाक्य एकच. “साहेब, चहा गार झालाय.” तेच वाक्य अर्ध्या तासात तीनदा. संपलं काम!

पण क्लेमची छाती? अशी फुगली की कोटाला बटणं पुरेनात. ज्या हिल्डाशी त्याला लग्न करायचंय, तिला चहाच्या दुकानात घेऊन गेला आणि म्हणाला, “हिल्डा, रविवारी तुझ्या बाबांना रेडिओसमोर बसव. सोमवारी ते स्वतः लग्नाची तारीख काढतात की नाही बघ!”

हिल्डा बिचारी बनपाव खात होती, तो तसाच राहिला. “क्लेम, बाबांना नट लोकांचं नाव काढलेलं चालत नाही.”

“अगं, रेडिओवरचा नट म्हणजे नट नव्हेच! नुसता आवाज! आवाजात वाईट काय दिसणार? सांग तसं बाबांना.”

आता हे बाबा कोण ते ऐक. जाबेझ ओल्डरॉइड. तिकडे उत्तरेला बॅटलीत लोकरीच्या गिरणीत मुकादम, आणि चॅपलचे, म्हणजे तिथल्या कडक प्रार्थनामंदिराचे, मोठे कारभारी. चेहरा असा की दुधाकडे बघितलं तर दूध नासावं. तरुणपणी हा माणूस एकदा ब्लॅकपूलला समुद्रावर गेला होता. तिथे तंबूत एका विदूषकाने लोकांना हसवायला पँट सोडली. झालं! चाळीस वर्षं झाली, दर नाताळाला जेवण आटोपलं की हे उभे राहून ती हकीगत सांगतात. साभिनय! “किळस! शुद्ध किळस! गुलाबी होती, गुलाबी! वर ठिपके! मी शेवटपर्यंत बसून बघितलं, इतकी किळस आली मला!” आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणतात, “पँट सोडून हसवणाऱ्याच्या घरात माझी मुलगी नांदणार नाही!”

कळलं? आता गंमत अशी, की रेडिओवर नेमकं तेच करतात!

म्हणजे कसं, की कार्यक्रम थेट जातो. समोर हॉलमध्ये माणसं बसवलेली असतात हसायला. पण लाल दिवा लागला, म्हणजे कार्यक्रम सुरू झाला, आणि हॉल गप्प असला तर घरी बसलेल्यांना वाटतं, कुणी गेलं की काय! म्हणून दिवा लागायच्या ऐन आधी एक नवशिका पुढे येतो, गॅलिस, म्हणजे पँट खांद्यावरून पेलणारे पट्टे, सोडतो, पँट धाडकन खाली! हॉल फुटतो, तेवढ्यात लाल दिवा, आणि घरोघर हास्याचा धबधबा! लोकांना वाटतं, वा, काय रंगलाय कार्यक्रम! तोवर नवशिका पँट वर घेऊन मागे गेलेला असतो. जुनी रीत आहे, सगळेच करतात. नवशिका त्या रविवारी कोण? आपला क्लेम.

“घरी कुणाला दिसणारे?” तो हिल्डाला म्हणाला. “तुझे बाबा तिकडे बॅटलीत!”

निळ्या पट्ट्यांची नवी चड्डी घेतली खास. कारण बाकीच्या दोन चड्ड्या अशा होत्या की त्या दोरीवर टाकायला मिसेस क्लटरबकलाही लाज वाटे.

रविवार उजाडला. हॉल गच्च. क्लेम पुढे आला, ऐटीत गॅलिस ओढले, पँट पडली, हॉल कोसळला, लाल दिवा लागला! अगदी घड्याळासारखं. क्लेमने वाकून पँट वर घेतली आणि टक्! गॅलिसचं बटण उडालं. पियानोखाली गेलं. दुसरं बटण? तेही गेलं, भाऊ गेला म्हणून!

आता काय? पँट डाव्या हातात धरून पठ्ठ्या माइकसमोर उभा. उजव्या हातात कागद. तिथे कागदाचा नियम कडक, कळलं का! पान उलटताना इतकी जरी खसखस झाली तरी घरी वाटतं, लॉर्ड पॉटलच्या घराला आग लागली. म्हणून पान दोन हातांनी हळूच सुटं करायचं आणि पिसासारखं खाली सोडायचं. दोन हातांनी!

क्लेमचं वाक्य नेमकं नव्या पानावर. त्याने दोन्ही हात लावले. पान अलगद खाली गेलं. पँटही गेली. आणि त्या निळ्या पट्ट्यांच्या अवतारात, चेहऱ्यावरची माशी न हलू देता, तो म्हणाला, “साहेब, चहा गार झालाय.”

बाप रे! लोक खुर्च्यांतून घसरले! एक बाई तर छत्री चावत होती! दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तर त्याने नुसतं पानाकडे पाहिलं तरी लोक ओरडायला लागले. हिल्डा मागच्या रांगेत तोंडावर टोपी घेऊन बसली होती.

कार्यक्रम संपला, क्लेम घरी पोचतो तो टेलिफोन. मिसेस क्लटरबक जिन्यातून ओरडली, “अहो बॅगशॉ, बॅटलीहून कुणी खेकसतंय!”

जाबेझ! क्लेमने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला.

“क्लेमेंट, तुझं ते चहाचं वाक्य ऐकलं आम्ही.”

“हो का, साहेब?”

“आम्हाला काही हसू आलं नाही. हिल्डाच्या आईला वाटलं रेडिओ बिघडला. पण तिकडे एवढं लंडन लोळतंय म्हणजे त्यात काहीतरी खोल असणार! एक वावगा शब्द नाही. ह्याला म्हणतात स्वच्छ विनोद! मी चॅपलमध्ये सांगणार आहे.”

आणि सांगितलंन् रे! प्रार्थनेनंतर!

इकडे निर्माते मिस्टर फॅनशॉ. बड्या घराण्यातला माणूस, बोलताना ओठ हलवणंही त्याला कष्टाचं वाटतं. तो काचेमागे बसून सगळं बघत होता. पँट त्याला चांगली दिसली होती. पण वरच्या साहेबांनी ते ऐकलं होतं घरी, रेडिओवर! त्यांनी विचारलं, “इतका हशा कशाला आला?” आता पँट म्हणायची कुणी? समिती बसली. ऑक्सफर्डहून एक प्राध्यापक आणला. त्याने अहवाल दिला की युद्धानंतर इंग्रज माणसाच्या मनात जी एक पोकळी आहे ती गार चहाच्या रूपाने प्रकट झाली आहे! वर्तमानपत्रातला एक टीकाकार, तोही घरी ऐकणारा, त्याने लिहिलं की ‘साहेब’नंतर बॅगशॉ जो क्षणभर थांबतो त्या थांबण्यात सगळ्या राष्ट्राचं दुःख आहे. अरे, थांबणार नाही तर काय? पँट घोट्यापर्यंत पोचायला वेळ लागतो!

पण अहवाल आल्यावर त्या इमारतीत ‘पँट’ हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. दर रविवारी पँट पडायची, हॉल कोसळायचा, आणि काचेमागे फॅनशॉ डोळे मिटून म्हणायचा, “काय ते शब्दसामर्थ्य!” बसमध्ये, खाटकाकडे, दवाखान्यात, जिथं तिथं, “साहेब, चहा गार झालाय!” पार्लमेंटमध्ये एक मंत्री उत्तर सुचेना म्हणून हेच बोलला आणि वाचला! लॉर्ड पॉटलचं काम करणारा मॉन्टी, वीस वर्षं लोकांना हसवणारा, कोपऱ्यात बसून म्हणायचा, “मी पण सोडू का रे पँट?” फॅनशॉ म्हणायचा, “कसली पँट?”

आणि हळूहळू काय झालं माहीत आहे? क्लेमलाच खरं वाटायला लागलं! आरशासमोर उभा राहून थांबण्याचा सराव करायचा. “साहेब... साहेब...” मिसेस क्लटरबक खालून ओरडायची, “अहो, मी साहेब नाही, भाडं द्या!”

अशात हिल्डा धावत आली. तोंड पांढरं फटक.

“क्लेम, बाबा येतायत! येत्या रविवारी! चॅपलची सहल दरवर्षी समुद्रावर जाते, ह्या वर्षी तुझा कार्यक्रम बघायला येणार. आख्खी बस! तुझ्या त्या फॅनशॉसाहेबांनीच फुकट पास पाठवले, पहिल्या पाचही रांगा! आणि बाबा म्हणालेत, कार्यक्रम झाला की तिथंच सर्वांसमोर आपलं लग्न जाहीर करणार.”

“मग रडतेस काय वेडे?”

“पँट, क्लेम! पँट!”

क्लेम हसला. असा हसला, जसा सेनापती घोड्यावरून हसतो. “हिल्डा, मी विनोदी नट आहे. पँट नव्हे! लोक माझ्या थांबण्याला हसतात. अहवाल वाच. ह्या रविवारी पँट जागची हलणार नाही.”

फॅनशॉला सांगितलं तर तो म्हणाला, “कसली पँट? बाकी ह्या रविवारी मोठे साहेब हॉलमध्ये येताहेत. तुझा वर्षाचा करार त्या दिवशीच्या हशावर आहे हं.”

तर रविवार. सकाळी धुकं असं दाट की हात पुढे केला तर परत येईल याची खात्री नाही. मिसेस क्लटरबक म्हणाली, “तुमची ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सुकली नाही हो, गळतेय अजून.”

“बाकीच्या दोन?”

“त्या कालच मी खिडक्या पुसायला घेतल्या.”

“राहू दे!” क्लेम म्हणाला. “आज कोण बघतंय!” आणि नुसतीच पँट चढवली. वर गॅलिस, नव्या बटणांचे. त्यावर पट्टा. भूकंप झाला असता तर हॉल पडला असता, पँट नाही!

हॉलमध्ये पहिल्या पाच रांगा काळ्याभोर. बायका रविवारच्या टोप्या घालून, पुरुष रविवारचे चेहरे घालून. मधोमध जाबेझ, शेजारी हिल्डाची आई, तिच्या शेजारी हिल्डा. पँट सोडायची ती सुरुवात मॉन्टीने नाकावर चमचा उभा करून भागवली. चार माणसं हसली. लाल दिवा.

क्लेमचं पान आलं. त्याने दोन्ही हातांनी उलटलं. ते पिसासारखं खाली गेलं. पहिल्या पाचही रांगा एकदम पुढे झुकल्या! क्लेमला वाटलं, बघा, माझं थांबणं! “साहेब...” थांबला. राष्ट्राचं सगळं दुःख ओतलं. “चहा गार झालाय.”

शांतता.

अरे, शांतता म्हणजे कशी! पियानोवाल्याच्या पोटात गुरगुरलं ते लाखो घरांत ऐकू गेलं! काचेमागे फॅनशॉचे ओठ पहिल्यांदा हलले. मोठ्या साहेबांनी घड्याळ कानाला लावलं. क्लेमच्या कपाळावरून घाम थेट कागदावर. त्याने परत म्हटलं, “साहेब, चहा... अगदीच गार झालाय.” हॉल थंडगार. सगळ्यांची नजर एकाच जागी. आणि ती जागा क्लेमचा चेहरा नव्हती!

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. जाबेझ ओल्डरॉइड उभे राहिले. कार्यक्रम थेट चाललेला, लाल दिवा भक्क!

“पोरा,” ते खड्या आवाजात म्हणाले, “आम्हाला सगळं कळलंय. आमच्या चॅपलची ऑर्गनवाली बाई इथं लग्नाला आली होती, तेव्हा तुझा कार्यक्रम बघून गेली. तिने सर्व सांगितलं. रंगासकट!”

“बाबा, खाली बसा!” हिल्डा त्यांचा कोट ओढतेय.

“गप्प बस. क्लेमेंट, आम्ही इथे निषेध करायला आलो आहोत. पहाटेपासून बसमध्ये बसून! निषेधाचं भाषण मी पाठ केलंय, अख्ख्या देशाला ऐकवणार आहे. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय निषेध कसा करायचा? आम्ही खोटं बोलणारी माणसं नव्हे!” मागून बायका म्हणाल्या, “खरंय, खरंय!” हिल्डाची आई चष्मा काढून रुमालाने पुसायला लागली. “तेव्हा तू आधी सोड. मग मी निषेध करतो. मग तुला माफ करतो, आणि मग लग्न जाहीर करतो. सगळं क्रमाने! ही सहल फुकट घालवलीस तर मात्र मुलगी विसर!”

“सोड! सोड!” आख्खं चॅपल पाय आपटायला लागलं! मोठे साहेब पाय आपटायला लागले! काचेमागे फॅनशॉ दोन्ही हात जोडून उभा, अहवाल वाचलेला माणूस, आणि बोट करतोय कुठे? पँटकडे!

क्लेमचा हात पट्ट्यावर. समोर हिल्डा, करार, सासरा, पाच रांगा, चष्मा पुसलेली सासू, आणि माइकच्या पलीकडे सगळी बिलायत श्वास रोखून. आणि ती निळ्या पट्ट्यांची चड्डी तिकडे धुक्यात, मिसेस क्लटरबकच्या दोरीवर, थेंब थेंब गळतेय!

हसू नकोस म्हटलं ना! आता तूच सांग, त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?