एकही बसणार नाही!

"ते फिडल आहे, गाढवा! कोंबडीची मान नव्हे!"

"आजोबा, याला फंक म्हणतात!"

"याला पोटात कळ येणं म्हणतात! शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये हे वाजवलंस ना, तर नाचणारे धडाधड खाली बसतील!"

"एकही बसणार नाही! लावता पैज?"

लावली की! धून संपायच्या आत हॉलमधला एक जरी माणूस बसला, तर फिडल, म्हणजे आजोबांचं जुनं व्हायोलिन, परत त्यांच्या भिंतीवर आणि मी परत शाळेत. शाळा तर मी बँडसाठीच सोडलेली! कुणीच नाही बसलं, तर फिडल कायमचं माझं.

मी मनातल्या मनात त्याच्यावर नावसुद्धा कोरलं. आमच्या केप ब्रेटन बेटावरचे म्हातारे मला माहितीयत ना! फिडल वाजत असताना खाली बसलं की संपलं, वर्षभर टोमणे. एफीकाकूच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, तरी नाचताना ती दुसऱ्यांची धाप मोजते!

शनिवारी सुरुवात एकदम झकास. वर आजोबांचीच जुनी धून, खाली माझ्या मामेबहिणीचा, मोरागचा, बेस ढुबुक ढुबुक! आजोबा आणि एफीकाकू सगळ्यांच्या पुढे. मी ऐटीत लूपचं पेडल दाबलं. एकदा दाबलं की वाजवलेलं तेच तेच वाजत राहतं, परत दाबलं की थांबतं.

परत दाबलं. थांबेना! बटणात काकवीचं बिस्कीट चिकटून बसलेलं!

"मोराग, तुझं बिस्कीट!"

"मी नुसतं ठेवलं होतं! पाय कुणी दिला?"

मी दिसली ती वायर उपटली. हॉलचे दिवे गेले! फिडल चालूच! आमचे स्पीकर चालत होते बाहेरच्या ट्रकमधल्या जनरेटरवर. चर्चचा फ्यूज उडेल म्हणून फादरनीच तसं करायला लावलेलं.

अंधारात आजोबांचा आवाज आला, "एफी, दमलीस, बस आता!"

"तूच बस हेक्टर! किटलीसारखी शिट्टी वाजतेय तुझी!"

मी वायर परत खोचली. उजेडात बघतो तर आजोबा फादरना मिठीत घेऊन गरगर फिरतायत आणि एफीकाकू कोट टांगायच्या स्टँडबरोबर नाचतेय!

"अरे, जनरेटर बंद कर जा!" मोराग ओरडली.

"वेडी का तू? एकही बसलेला नाही! जिंकतोय मी!"

आणि मी स्पीकरवर तंगडीवर तंगडी टाकून मजा बघत राहिलो. शेवटी जनरेटरचं पेट्रोल संपलं तेव्हा कुठे धून थांबली. अख्खा हॉल भिंतींना धरून लोंबकळत होता, ओल्या कपड्यांसारखा. पण उभा!

"आजोबा! बसलं का कुणी?"

त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. मग एफीकाकूनं. मग फादरनी. मग सगळ्यांनी. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. खाली बघितलं, तर स्पीकरवर माझंच बूड!

"मी... मी तर बँडवाला! मला धरायचं नाही!"

"हॉलमधला... एक जरी... माणूस!" आजोबा धापा टाकत म्हणाले.

आज सोमवार. फिडल भिंतीवर. आजोबा माझं दप्तर घेऊन दारात उभेच आहेत, गुडघे असे धरलेत की बसताच येत नाहीये त्यांना! तरी हसतायत! मोरागबद्दल मला अजून बरंच बोलायचंय, पण शाळेची ती पिवळी बस कधीची हॉर्न मारतेय. निघतो!